चौदा नावांचं कार्ड

मुक्ता आणि ईशान,

साहूजी गेले. गेल्या गुरुवारी सकाळी, चहा पिता पिता. तुम्हाला ते आठवत असतील ते एवढेच — तुम्ही उन्हाळ्यात आलात की जाड भिंगांचे एक उंच आजोबा यायचे, आमच्या पायरीवर बसून तुमच्या गल्लीतल्या क्रिकेटची कॉमेंट्री करायचे. "और ईशान बाबू... गए!" तेच. त्यांनी माझ्याकडून एक शब्द घेतला होता. तो त्यांच्याबरोबर संपला, म्हणून आता लिहिते.

तुमची आजी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही, हे तुम्हाला माहीत आहे. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पुढे वीस वर्षं कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवलं. दृष्ट काढताना मिरच्यांचा ठसका का लागत नाही यावर मी तुमच्या पणजीशी दोन दिवस वाद घातलेला आहे. तेव्हा हे जसं झालं तसं, क्रमाने सांगते. पदरचं काही घालत नाही.

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि काही वर्षांत इथे सगळंच निघालं. मंत्रालय, मॉल, आणि एक स्पोर्ट्स चॅनेलसुद्धा. मोठ्या नेटवर्कची इथली छोटी शाखा. नाव लिहीत नाही. इथल्या मातीतले खेळ दाखवायचे म्हणून निघालं होतं — मुलींची हॉकी, कबड्डी, शाळांचं खो-खो. कॉमेंट्री साहूजींची. त्यांना बोलताना आकडे आणि माहिती पुरवायला कोणीतरी हवं होतं. मी नोकरी सोडून घरी होते, गेले.

काम असं होतं. पोस्टकार्डाएवढी रेघांची कार्डं मी स्वतः गोल बाजारातून आणायची. निळी शाई, हिंदी मजकूर, जास्तीत जास्त तीन ओळी. ज्या शब्दावर आवाज रेंगाळायला हवा त्याच्याखाली रेघ. मी साहूजींच्या डाव्या हाताला बसायची. कार्ड लिहून झालं की दोन बोटांनी उजवीकडे सरकवायची. ते मान न वळवता वाचायचे, आणि वाचलं की आपल्या लाल-निळ्या पेन्सिलीने कोपऱ्यात लाल खूण करायचे, म्हणजे तेच दोनदा बोललं जायला नको. अकरा वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नाही की हे खरं ना? "दीदी का कार्ड है" — एवढ्यावर विषय संपायचा.

मग लोक बघेनासे झाले. हातात फोन आले, आणि आमच्याकडे दर आठवड्याला घसरलेले आकडे. आधी खो-खो बंद केलं, मग कबड्डी. त्या जागी परदेशातली जुनी कुस्ती, हिंदी आवाज चिकटवून. बघणारे कमी म्हणून सामने कमी केले, सामने कमी म्हणून बघणारे आणखी कमी झाले. हे गणित माझ्या फर्स्ट इयरच्या मुलांना कळलं असतं. मधेच ऑफिस नवा रायपूरला हलवलं. काचेची इमारत, विमान उतरेल एवढे रुंद रस्ते, आणि बस मात्र पाऊण तासाने.

एका दुपारी सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं. हेड ऑफिसातून एक साहेब आले होते, तुमच्या मामाच्या वयाचे. यादी वाचली. चौदा जण. माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅम, नथिंग पर्सनल. डेटा अब सिस्टम से आएगा।"

मी विचारलं, "सिस्टम को कौन बताएगा?"

ते हसले. चांगले दात होते.

साहूजींना ठेवलं होतं. आता ते मैदानावर न जाता याच इमारतीतल्या एका खोलीत, स्क्रीनसमोर बसून एकटेच बोलणार होते. त्या मीटिंगमध्ये ते माझ्या बरोबर समोर बसले होते. हातातली पेन्सिल बघत होते. लाल टोक... निळं टोक... लाल टोक. गर्दीवर चढणारा तो आवाज त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. नोकरी गेल्याचं मला वाईट वाटलंच, पण त्या गप्प बसण्याने जे झालं ते वेगळं होतं. खाली उतरेपर्यंत आमची ओळखपत्रं बंद झाली होती. कॅमेरामन इस्माइलचा जेवणाचा डबा वर राहिला, तर गार्डने त्याला परत जाऊ दिलं नाही. साहूजींचा फोन त्या संध्याकाळी आला नाही. त्या महिन्यातही आला नाही.

आता मुख्य गोष्ट.

पहिल्याच रविवारी, दुपारी तीनला, बिलासपूरहून मुलींच्या हॉकीचा सामना होता. आपल्या तात्यापाऱ्याच्या घरात जेवणाच्या टेबलाशी मी आणि तुमचे आजोबा. टीव्ही समोर. माझ्या उजव्या हाताची खुर्ची रिकामी, तिच्यासमोर टेबलावर आजोबांची जुनी वर्तमानपत्रं. मी सवयीने कार्डं काढून बसले.

"काहून लिहून राहिली तू?" आजोबा म्हणाले. "पगार देऊन राहिले का ते अजून?"

"हाताला सवय आहे."

"मग भाजी निवड. हाताले तेही चालते."

गोलकीपर दुलारी नावाची मुलगी होती. तिच्या आईने मला एकदा मैदानाबाहेर सांगितलं होतं की पायाचे पॅड घ्यायची ऐपत नव्हती, तेव्हा तिने जुनी कथरी, म्हणजे गोधडी, फाडून पॅड शिवून दिले होते. हे कुठल्याही कागदात नाही. मी कधी वापरलंही नव्हतं. दुलारीने पेनल्टी कॉर्नर अडवला तेव्हा मी ते तीन ओळींत लिहिलं, 'कथरी'खाली रेघ मारली, आणि दोन बोटांनी कार्ड उजवीकडे सरकवलं.

टीव्हीतून आवाज आला — "हमारे नए डेटा इंजन के अनुसार, दुलारी के पहले पैड उनकी माँ ने सिए थे... पुरानी कथरी से।" माझेच शब्द. 'कथरी'वर तेवढाच रेंगाळलेला आवाज.

आजोबांनी पेपर खाली ठेवला. "हे तू आत्ता लिहिलं ना?"

मी कार्डाकडे पाहिलं. ते वर्तमानपत्रांपाशी, सरकवलं तिथेच होतं. कोपऱ्यात लाल खूण होती.

घरात लाल पेन्सिल नव्हती. लाल पेनही नाही. पेपर तपासणं सोडलं त्या दिवशी मी सगळी देऊन टाकली होती. आजोबा म्हणाले, "कुंकू सांडलं असन." मी बोट फिरवून पाहिलं. मेणचट होती, पेन्सिलीची असते तशी.

मग मी जे मला येतं ते केलं. प्रयोग. पुढचे तीन रविवार काही कार्डं लिहून तशीच ठेवली, काही उजवीकडे सरकवली. ठेवलेलं एकही त्यांनी वाचलं नाही. सरकवलेलं एकही सुटलं नाही. खूण होताना मात्र कधी दिसली नाही — आजोबा डोळे लावून बसायचे, तरी पापणी लवते तेवढ्यात झालेली असायची. एकदा मनात आलं, मुद्दाम खोटं काहीतरी लिहून बघावं. पेन उचलला आणि ठेवला. माझ्या अक्षरात त्यांच्यापुढे कधी खोटं गेलं नव्हतं.

"त्याले फोन कर," आजोबा म्हणायचे. "विचार तरी, काय दिसून राहिलं त्याले."

"त्यांनी केला का मला?"

"तूही तशीच अन् तोही तसाच."

खरं सांगते बाळांनो, भीती वाटली नाही. राग आला. प्रत्येक वेळी आधी ते वाक्य — 'हमारे नए डेटा इंजन के अनुसार'. दुलारीच्या आईची कथरी कुठल्या इंजिनाला माहीत होती? मी घरी बसून फुकट राबत होते, आणि कौतुक त्या डब्याचं. ऑफिसातल्या एका मुलीकडून कळलं की हेड ऑफिसने त्याबद्दल एकमेकांना अभिनंदनाचे मेल पाठवले.

फायनलच्या दिवशी सामन्याआधी ते साहेब स्वतः पडद्यावर आले. म्हणाले, आमची टीम लहान झाली पण स्मार्ट झाली.

मी एक कोरं कार्ड घेतलं. तीन ओळींचा नियम मोडला. वर लिहिलं — 'आज ये लोग यहाँ नहीं हैं। इन्हें निकाल दिया गया है।' खाली चौदा नावं, प्रत्येकापुढे त्याचं काम. इस्माइल, कॅमेरा. प्रभा, साउंड. नेताम, एडिटिंग. ... ठाकूर, ओबी व्हॅन म्हणजे प्रक्षेपणाची गाडी... शेवटचं, चौदावं, माझं. एकही अक्षर खोटं नव्हतं. सामना शून्य-शून्य होता, दहा मिनिटं उरली होती. आजोबांनी वाचलं आणि माझ्या मनगटावर हात ठेवला.

"त्याची नोकरी जाईन गं."

मी म्हटलं, "जाऊ दे."

आणि सरकवलं.

साहूजी वाक्याच्या मधे थांबले. दोन-तीन सेकंद फक्त स्टिकांचा आवाज. मग वाचू लागले. या वेळी डेटा इंजन म्हणाले नाहीत. "आज ये लोग यहाँ नहीं हैं..." एकेक नाव, सावकाश, जसं संघ मैदानात उतरताना घेतात. नवव्या नावाला गोल झाला. मुली धावत एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि कॉमेंट्री चालू होती — "ठाकुर जी, ओबी वैन।" तो गोल त्यांनी सांगितलाच नाही. माझं नाव आलं, आणि आवाज कापला गेला. उरलेला सामना शिट्ट्यांवर संपला.

कार्डावर एक खूण नव्हती. चौदा होत्या, प्रत्येक नावापुढे एक.

मंगळवारी साहूजी घरी आले. भाजीची असावी तशी एक पिशवी हातात, तीत त्यांचं टेबलावरचं सामान. आजोबांनी खुर्ची पुढे केली. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही. शेवटी आजोबाच ओरडले, "अगं, आसामले गेली का चहापत्ती आणाले?"

बाहेर येऊन मी सगळी कार्डं त्यांच्यापुढे ठेवली. ते एकेक उलटून बघत राहिले.

"मैं समझा, आप ऑफिस में किसी के हाथ भिजवा रही हैं," ते म्हणाले. "बाएँ से आता था। पढ़ता था, निशान लगाता था, फिर ध्यान नहीं देता था। बाद में मेज़ पर कुछ रहता नहीं था।"

"आणि तुम्ही विचारलं नाही?"

"दीदी, आपका कार्ड आया। पूछा कब है मैंने?"

मला खाली बघावं लागलं. अकरा वर्षांचा तो विश्वास मी त्या दुपारी वापरला होता. म्हटलं, "साहूजी, मी हे मुद्दाम केलं. तुमच्यावर रागावून. तुम्ही न बघता वाचाल हे मला माहीत होतं."

"हव," त्यांनी होकार दिला. "पर पहले नाम पर ही समझ गया था। तीसरे पर रुक सकता था।" चष्मा काढून पुसला. "उस दिन मीटिंग में चुप बैठा था न मैं।"

मग मी विचारलं, लोकांचे फोन आले का? कोणी काही म्हणालं?

ते हसले, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "एक भी नहीं। साहब ने बुलाया, कागज़ दिया, और बोले — शुक्र है, कोई देख नहीं रहा था।"

मी नंतर त्या तेराही जणांना विचारलं. कोणीही सामना लावला नव्हता. प्रभाच्या घरी तर चॅनेलच काढून टाकलं होतं. इस्माइल म्हणाला, "दीदी, रिकॉर्डिंग होगी?" नव्हती, पुसली होती. चौदा नावं उभ्या राज्यात वाजली आणि ती ऐकली फक्त तुमच्या आजी-आजोबांनी.

उठताना साहूजींनी खिशातून ती पेन्सिल काढली, चौदा नावांचं कार्ड ओढलं आणि माझ्या नावाखाली निळ्या टोकाने लिहिलं — 'साहू, कॉमेंट्री'. खूण केली नाही. "मेरे जीते जी किसी को मत बताना," ते म्हणाले. "लोग कहेंगे, जो बोलता था वो साहू था ही नहीं।" पेन्सिल टेबलावर ठेवून गेले.

त्यानंतर मी बरेच रविवार कार्डं सरकवून पाहिली. दुसऱ्या कॉमेंटेटरपर्यंत काही पोचलं नाही, खूणही झाली नाही. वर्षभरात चॅनेलच बंद पडलं. मी शिकलेल्या कुठल्याही विषयात याचं उत्तर नाही. आजोबा शेवटपर्यंत म्हणत राहिले की तूच झोपेत खुणा करत असशील. पण लाल पेन्सिल घरात त्या मंगळवारी पहिल्यांदा आली, हे त्यांनाही माहीत होतं.

कार्डं कपाटात वरच्या खणात, बिस्किटांच्या चौकोनी डब्यात आहेत. सगळ्यात वर चौदा नावांचं. आता त्यावर पंधरा नावं आहेत, चौदांपुढे लाल खूण आहे, पंधराव्यापुढे नाही; ते अजून कोणी मोठ्याने वाचलेलं नाही. पेन्सिलही तिथेच आहे. तिचं लाल टोक अजून बोटभर शिल्लक आहे.