आत्याबाईंचे जांभळे डेलिया

रविवारी तेरला गेले होते, सासऱ्यांना भेटायला. तिथं जे पाहिलं ते डोक्यातून जातच नाही... म्हणून लिहून टाकतेय.

माझ्या सासूबाई, आत्याबाई, उन्हाळ्यात गेल्या. लिंबाएवढ्या गोल, जांभळ्या पॉम्पॉन डेलियांचं त्यांना भारी वेड. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात कंद कुजतात, म्हणून त्या ते काढून वाळू भरलेल्या माठात जपायच्या. तो रंग गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

मला मेलीला हे कुठं ठाऊक! आषाढी एकादशीला माठात हात घातला आणि रताळी समजून सगळे कंद उकडले. उकडण्याआधी कापलेले देठाकडचे तुकडे परसात फेकले. नवरा ताटाकडे बघून म्हणाला, "अगं, हे आईचे कंद!" मामांना, म्हणजे सासऱ्यांना, सांगायची हिंमतच झाली नाही.

पावसाळ्यात परसात साप निघतात, म्हणून त्याच दिवशी परसाच्या दाराला कुलूप घातलं. परसाला सगळीकडून उंच भिंत, आत जायला तेवढं एकच दार; किल्लीही एकच, ती माझ्या पर्समध्ये. मामा वॉकरवर चालतात, दिवसभर परसाकडच्या खिडकीशी बसून असतात.

रविवारी सकाळी, आषाढीनंतर पहिल्यांदाच, कुलूप उघडलं. थंडी मी म्हणत होती. कमरेएवढं गवत वाळून उभं... आणि मधोमध स्वच्छ खुरपलेला एक वाफा. त्यात डेलियाची चार झाडं, हातभर अंतरावर, प्रत्येकाला काठी. काठीला झाड लुगड्याच्या चिंधीनं सैल बांधलेलं, आत्याबाई बांधायच्या तसंच. जांभळी फुलं दवानं वाकली होती.

फेकलेल्या तुकड्यांना कोंब फुटले असतील, मान्य. पण काठ्या? चिंध्या?

तेवढ्यात खिडकीतून मामा म्हणाले, "लई चांगलं केलंस पोरी. हिच्यावानीच बांधलंस बघ. मला वाटलं व्हतं, रंग गेला हिच्यासंगंच."

आत्याबाई गेल्यापासून मामांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. "मी नाही हो केलं" हे शब्द तोंडात आले आणि तिथंच राहिले. अंगावर सरसरून काटा आला होता... पण पळावंसं वाटलं नाही.

आत्याबाई, चूक माझी, निस्तरलीत तुम्ही. उन्हाळ्यात कंद मी काढीन, माठात नीट ठेवीन.

आणि हो... परसाच्या दाराची किल्ली या वेळी दारालाच ठेवून आलेय.