आलटूनपालटून

माझं काम म्हणजे मेलेल्यांची चौकशी. दूर कुठेतरी एखादा तारा फुटतो, गॅमा किरणांचा क्षणभराचा झोत येतो नि संपतो. उपग्रह आकाशाचा एक तुकडा दाखवून मोकळा होतो. त्यातल्या शेकडो ठिपक्यांतला आपला कोणता, ते आम्ही हुडकायचं. या खेपेला वाटेत इतकी धूळ होती, की साध्या प्रकाशात काहीच दिसेना. म्हणून धुळीपलीकडचं पाहणाऱ्या अवरक्त दुर्बिणीने एक फोटो घेतला, काही दिवसांनी दुसरा.

मी तेव्हा तंजावूरला आईपाशी होते. तिच्या फुप्फुसात गाठ दिसली होती. महिन्याने पुन्हा स्कॅन करू, वाढली नसेल तर घोर नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. दुसरा स्कॅन आदल्याच दिवशी झाला होता. जीव टांगणीला लावून बसण्यापेक्षा काम बरं, म्हणून सकाळीच लॅपटॉप उघडला.

दोन फोटो एकावर एक ठेवून भराभर आलटूनपालटून बघायचे, ही आमची जुनी रीत. जे तसंच राहतं ते आपलं नव्हे. आई कॉफी घेऊन मागे उभी राहिली. जन्मभर तांदळातले खडे वेचलेली नजर. माझ्याआधी तिनेच बोट ठेवलं.

"हा गे, हा विझतोय. एवढ्यासाठी एवढं शिकलीस?"

मी आनंदाने ओरडलेच. रेडिओ दुर्बिणींचा नवा नकाशा काढला, तर नेमक्या त्याच जागी, जिथे आधी काही नव्हतं, तिथे ठिपका उगवलेला. अवरक्त उजेड ओसरतो नि रेडिओ मागाहून चढतो, तसंच झालं होतं. आईने शेजारणीला बोलावून सगळं तमिळमध्ये सांगितलं.

दुपारी डॉक्टरांचा फोन आला. मी अंगणात जाऊन घेतला. स्कॅनच्या फाइल्सही आल्या. इंग्रजी अहवाल आईला वाचता येत नाही, तेव्हा निदान काही दिवस खोटं बोलायचं ठरवलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही.

"काय म्हणाले?"

"तसंच आहे म्हणे."

"सरि, बरं. मग सकाळसारखं दाखव."

चार्जिंग संपलंय म्हटलं, तर तिने स्वतः वायर लावून दिली. मी दोन्ही स्कॅनचे फोटो एकावर एक ठेवले. मला त्या रीतीचा भयंकर राग आला होता. तिला ती शिकवली याचा त्याहून जास्त.

तीन-चारदा पालटल्यावर तिने बोट ठेवलं. "हे वाढलंय."

"हो."

ती खुर्चीत बसली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"तुमच्या त्या ठिपक्याचे अजून फोटो काढणार का गे?"

"वर्षभर तरी काढू."

"आणि माझा पुढचा कधी?"

मी तिचा हात धरला. आता पुन्हा स्कॅन करून काही उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.