सुलतानाची ओटी
आमच्या रहाटणीच्या सोसायटीचे अध्यक्ष मला आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. मीही त्यांना आवडत नाही. पण सूत्रसंचालनाला माझ्याइतका खणखणीत आवाज दुसऱ्या कुणाचा नाही, म्हणून सोसतात.

महिला दिनाचा विषय होता 'शूर राण्या'. माझ्या शेजारच्या भाभी मूळच्या नगरच्या. आठ वर्षं इथे राहतात, पण स्टेजवर कधी चढल्या नव्हत्या. यंदा पहिल्यांदाच त्यांनी नाव दिलं. मोगलांविरुद्ध नगरचा किल्ला लढवणाऱ्या सुलतानावर बोलायचं होतं. पंधरा दिवस माझ्या ओट्याला टेकून त्यांचं पाठांतर चाललं.

बैठकीत अध्यक्षांनी यादीतून नाव खोडलं. "आपल्या राण्या संपल्या का?"

"भाऊ, ती नगरचीच होती," भाभी म्हणाल्या.

"वाद नको, ताई. तुम्ही जेवणाचं बघा, तुमच्या हाताला चव आहे."

सगळे हसले. भाभींनी भाषणाचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला. अध्यक्षांच्या टकलावर वरणाचं पातेलं उपडं करावं, असं मला फार वाटलं.

अध्यक्षांनी थेरगावच्या फ्लेक्सवाल्याला फोनवर सांगितलं होतं, "घोड्यावरची एखादी शूर बाई टाक, मोठी." त्याने मोबाईलवर सापडली ती टाकली. कार्यक्रमाच्या दिवशी टेम्पोतून फ्लेक्स उतरला आणि मी बघतच राहिले. उमदा घोडा, बाईच्या मनगटावर ससाणा. हेच जुनं चित्र भाभींनी मला कितीदा दाखवलं होतं! मी काय केलं? गप्प बसले. आयुष्यात इतक्या सुखाने मी कधी गप्प बसले नव्हते.

अध्यक्षांनी फ्लेक्सला हार घातला, नारळ फोडला. पाच सवाष्णींनी चित्रापुढे ओटी भरली. मग मी माईक उचलला.

"आता या चित्रातल्या नगरच्या सुलतानाविषयी बोलतील आमच्या भाभी!"

सगळ्यांच्या माना गर्रकन चित्राकडे वळल्या, अहाहा!

"काढा ते! आत्ताच्या आत्ता!" अध्यक्ष किंचाळले. दोघे स्टुलावर चढलेसुद्धा. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या आजी उठल्या. सोसायटीची जमीन मूळची त्यांच्या घराची, त्यामुळे त्यांच्यापुढे अध्यक्षही वचकून असतात.

"उतरा रं खाली. वटी भरली न्हवं बाईची? आता उद्यापतुर हात लावायचा न्हाई."

"आजी, मुसलमान आहे ती!"

"मंग नारळ फोडताना का न्हाई इचारलंस?"

फ्लेक्स राहिला. अध्यक्षांनी माझ्या माईकची वायर उपटली. भाभी तशाच स्टेजवर चढल्या आणि बिनमाईकच्या बोलू लागल्या. तटाला खिंडार पडलं तेव्हा ती चेहऱ्यावर पडदा आणि हातात तलवार घेऊन तिथे कशी उभी राहिली, रातोरात भिंत कशी उभी करून घेतली. मागून मुद्दाम खुर्च्या ओढल्या जात होत्या. "जेवण गार होतंय!" कुणीतरी ओरडलं. निम्मी माणसं उठून गेली.

"ती फितूर झाल्याची अफवा उठली," भाभी म्हणाल्या, "आणि तिच्याच माणसांनी तिला मारलं."

टाळ्या मी वाजवल्या आणि आजींनी. भाभी पायऱ्या उतरत होत्या, तर अध्यक्ष वाटेतच उभे.

"झालं समाधान?"

भाभी थांबल्या. "नाही, भाऊ. या गोंधळात मधला एक भाग राहिला."

आणि वळून परत वर चढल्या.