आधी दिवा गेला, मग पडलो

आधीच सांगते, मी घाबरलेय म्हणून हे लिहीत नाहीये. मला राग आलाय, म्हणून लिहितेय.

भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जाणारी बाई. आमच्या खानापूरकडच्या गावात कुणाच्या ना कुणाच्या अंगात येतंच, आणि लहानपणापासून मला त्या सगळ्याचा कंटाळा. बी.फार्म केलं, बेळगावातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात लागले. हॉस्पिटलचं नाव देणार नाही, माणसांचीही नावं बदललीत. काम — क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर. डॉक्टर अभ्यास करतात, त्यासाठी पेशंटशी बोलायचं, सगळं समजावून संमती घ्यायची, नंतर विचारपूस करत राहायची... हे मी करत होते.

आमचा अभ्यास खरंच चांगला होता, हे आजही म्हणेन. वयस्कर माणसं पडतात. खुबा मोडतो, मनगट मोडतं. घरचे म्हणतात, पाय घसरला. पण काहींचा पाय घसरलेलाच नसतो. हृदयाचा ठोका मधेच काही क्षण चुकतो, डोक्याला रक्त पोचत नाही, शुद्ध जाते आणि माणूस कोसळतो. हाड जोडून घरी पाठवतात. हृदयाकडे कुणी बघतच नाही, कारण हॉस्पिटलात काढलेला ईसीजी बहुतेक वेळा नॉर्मल येतो — त्या क्षणी ठोके नीट असतात ना. म्हणून अशा पेशंटच्या छातीवर आम्ही एक पॅच चिकटवायचो. दोन आठवडे तो ठोके टिपायचा आणि काही गडबड दिसली की हार्टच्या मॅडमना मेसेज जायचा. नियम एकच होता — जो सरळसरळ घसरून किंवा गाडीच्या धक्क्यानं पडला, त्याला अभ्यासात घ्यायचं नाही.

आणि घसरला की नाही, हे ठरवायचं आमच्या हाडांच्या सरांनी.

सरांचा हात ऑपरेशनला चांगला, ते मी नाकारत नाही. पण सर प्रश्न विचारायचे तो असा — "घसरलात ना?" पेशंट वेदनेनं तळमळत असतो, समोर पांढरा कोट असतो. तो म्हणतो, व्हय. झालं.

बाळगोंडा आप्पा मात्र व्हय म्हणाले नाहीत.

आप्पा निपाणीजवळच्या एका गावचे. जैन घराणं, तंबाखूची शेती आणि निपाणीत स्वतःची वखार. धोतर, पांढरी टोपी. एका डोळ्याचं ऑपरेशन कधीकाळी बिघडलेलं, म्हणून चष्म्याची डावी काच दुधी. आवाज असा की वॉर्डच्या या टोकाला बोलले की त्या टोकाला ऐकू जावं. खुबा मोडून आलेले, पण तोरा शाबूत. नर्सनं उशी नीट लावली नाही तरी तापायचे.

"घसरलात ना?" सरांनी विचारलं.

"न्हाय," आप्पा म्हणाले. "मी वखारीच्या दारात उभा हुतो. कोरडी फरशी. आधी दिवा गेला, मग पडलो."

"लाईट गेली होती?"

"लाईट न्हाय वो. डोळ्यातला दिवा. म्होरचं सगळं काळं झालं, मग पडलो." सर मोबाईलकडे बघतायत हे बघून ते कानडीत आले. आप्पांचं तसंच होतं, राग वाढला की कानडी. "मोदल दीपा होतु, आम्याल बिद्नि." म्हणजे तेच — आधी दिवा गेला, मग पडलो.

सर हसले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मेकॅनिकल फॉल. साधं घसरणं. अभ्यासात नको."

मी म्हटलं, "सर, ते म्हणतायत आधी अंधारी आली. आपण ज्यांना शोधतोय तेच हे. निदान मॅडमना एकदा बघू दे."

"या वयात नीट आठवत नसतं गं. ईसीजी नॉर्मल आहे. हार्टवाल्यांना बोलावलं की चार तपासण्या वाढतात, ऑपरेशन लांबतं."

ऑपरेशन लवकर व्हायला हवं हे खरंच होतं. पण पॅच तर ऑपरेशननंतरही लावता आला असता. मी ते दुसऱ्या दिवशी परत बोलले. "तू पेशंट बघायचे की मी?" असं उत्तर आलं. मॅडमनाही जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, सरांनी रेफर केल्याशिवाय मी त्यांच्या पेशंटला हात कसा लावू?

आप्पांनी डिस्चार्जच्या दिवशी मला बोलावलं. शेजारी त्यांची बायको, आक्काताई, पिशव्या भरत होती.

"पोरी, माझं त्या डॉक्टरनं ऐकलं का?"

मी हातातली फाईल चाळायला लागले.

"ऐकलं न्हाय. मला काय अक्कल न्हाय व्हय? मी पडलो, का त्यो पडला?"

आक्काताई म्हणाल्या, "आवो, हळू बोला."

"हळूच बोललोतो. तवा बी ऐकलं न्हाय."

ते घरी गेले. काही आठवड्यांनी त्यांचा मुलगा भाड्यानं नेलेला वॉकर परत करायला आला. मी सहज विचारलं, आप्पा एवढ्यात वॉकरशिवाय चालायला लागले का? तो म्हणाला, "आप्पा गेले, मॅडम. अंगणात खुर्चीवर बसून चहा पीत हुते. कप हातातनं पडला, मान खाली गेली... संपलं."

मी सरांकडे गेले. सर म्हणाले, "वाईट झालं. पण ऑपरेशन उत्तम झालं होतं." आप्पांचा शेवटच्या तपासणीचा एक्स-रे फाईलमधून काढून दाखवला मला. खरंच, हाड सुरेख जुळत आलं होतं. त्या क्षणी तो एक्स-रे फाडावासा वाटला.

हे सगळं झालं ते सरळ आहे. यात अमानवीय काही नाही. अमानवीय असेल तर पुढचं.

त्यानंतर महिना-दीड महिना गेला असेल. सकाळची ओपीडी, गर्दीची वेळ, खिडक्यांतून लख्ख ऊन. आमच्या खानापूरकडच्या गुंजी गावाहून एक बाई आल्या — तुळसाकाकू. मनगट मोडलेलं, हात ओढणीच्या झोळीत. हॉस्पिटलात पहिल्यांदाच येत होत्या. मुलगी कार्ड काढायला काउंटरवर उभी, आणि काकू एकट्याच पॅसेजमधल्या खुर्चीवर बसलेल्या. नंबर आला तसं मी त्यांना आत नेलं.

सरांनी नेहमीसारखं विचारलं, "घसरलात ना?"

"व्हय," म्हणाल्या, आणि मधेच थांबल्या. "न्हाय, न्हाय. तसं सांगायचं न्हाय म्हणालेत. थांबा हां... मोदल दीपा होतु, आम्याल बिद्नि."

आप्पांचे शब्द, जसेच्या तसे. सरांनाही काहीतरी आठवलं असावं, कारण त्यांनी मान वर केली.

मी विचारलं, "काकू, तुम्हाला कानडी येतं?"

"कुठलं वो. आमच्यात कानडी कोण बोलतंय? बाजारात भाव इचारण्यापुरतं."

"मग हे काय म्हणालात, त्याचा अर्थ माहिती आहे?"

"दीपा म्हंजे दिवा, एवढं कळलं. भाईर ते आप्पा बसलेत बघा, त्येनी पाठ करून घेतलं माझ्याकडनं. मी त्यास्नी म्हटलं, परड्यात धुणं वाळत घालताना डोळ्यापुढं अंधारी आली न् पडले. तर म्हणाले, हेच्या पुढ्यात असं मोघम बोलू नगं. ह्यो तुझ्या तोंडात 'घसरलो' घालंल. असं सांग. दोनदा चुकलं तर खेकसले की माझ्यावर. लई तापलेला माणूस."

"कसे दिसतात?" मी विचारलं.

"धोतर, टोपी. चष्म्याची एक काच पांढरीफटक. निपाणीकडचे असतील, बोलण्यावरनं तसंच वाटलं."

मी बाहेर धावले. पॅसेजमध्ये माणसं होती, पण धोतरवालं कुणी नव्हतं. काकू बसल्या होत्या तिथली शेजारची खुर्ची रिकामी होती.

परत आले तेव्हा सर म्हणत होते, "बाई गोंधळलेल्या आहेत. प्लास्टर करून पाठवा." मी आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांसमोर आवाज चढवला. म्हटलं, "सर, अंधारी आली असं त्या तुमच्यासमोर म्हणाल्यात. आता मेकॅनिकल लिहिलंत तर मी हे हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीकडे लेखी देईन." सरांनी घाम पुसला आणि मान हलवली. काकूंच्या छातीवर पॅच लागला.

आठवडा व्हायच्या आतच मॅडमचा फोन — गुंजीच्या बाईंना ताबडतोब बोलावून घे. हृदय मधूनमधून थांबत होतं, आणि थांबणं लहानसहान नव्हतं. मुलगी त्यांना गाडी करून घेऊन आली. पेसमेकर बसला. मॅडम म्हणाल्या, आणखी थोडे दिवस गेले असते तर नुसतं मनगटावर भागलं नसतं. तुळसाकाकू आज ठणठणीत आहेत. जाताना मला म्हणाल्या, "त्या आप्पास्नी सांगा, मी नीट सांगितलं म्हणून."

त्यांना मी खरं काय ते सांगितलं नाही. तुम्ही सांगितलं असतंत?

मी काय काय शोधलं ते लिहिते, नाहीतर तुम्ही कमेंटमध्ये विचारणारच. आप्पांची आणि काकूंची कधी ओळख होती का? नाही. कुणी नातेवाईक, शेजारी, वॉर्डातलं कुणी मधे? काकूंच्या मुलीला खोदून खोदून विचारलं, त्यांच्या घरातलं कुणीच आमच्याकडे कधी ॲडमिट नव्हतं. दुसरा कुणी तसाच म्हातारा त्या दिवशी ओपीडीत आला होता का? रिसेप्शनला आठवत नाही.

पॅसेजमध्ये कॅमेरा आहे. सिक्युरिटीच्या माणसाच्या हातापाया पडून मी ते रेकॉर्डिंग बघितलं. काकू खुर्चीवर बसलेल्या. डाव्या बाजूची खुर्ची रिकामी. काकू तिकडे वळून मान हलवतायत, ओठ हलतायत, परत परत तसेच हलतायत, शाळेत कविता म्हणतात तसे. मनाशीच बडबडत असतील म्हणा हवं तर. पण मधेच एक दुसरी बाई त्या रिकाम्या खुर्चीवर बसायला येते. अर्धी वाकते... आणि हात जरासा वर करते, आपण 'बसा बसा' म्हणतो ना तसा, आणि पुढे निघून जाते.

ती बाई कोण, मला सापडली नाही. सिक्युरिटीचा माणूस म्हणाला, "मॅडम, खुर्ची तुटकी असंल." मी जाऊन बसून बघितलं. तुटकी नव्हती.

आता रागाचं सांगते. दोन महिन्यांनी सरांनी डॉक्टरांच्या बैठकीत हीच केस मांडली. पडद्यावर तुळसाकाकूंच्या हृदयाचा आलेख, आणि सर सांगतायत, "पेशंट घसरलो म्हणत होता. मी परत परत खोलात जाऊन विचारलं, तेव्हा अंधारी आल्याचं कळलं. हिस्टरी घेणं ही कला आहे." टाळ्या पडल्या.

मी मागच्या रांगेत होते. उभी राहून म्हटलं, "सर, तुम्ही विचारलं नाही. ज्यांनी विचारलं, ते तुमच्याच अभ्यासातून वगळलेले पेशंट होते. बाळगोंडा आप्पा. ते वारले."

मॅडमनी मान खाली घातली. कुणीतरी एसी वाढवायला सांगितला.

पुढच्याच आठवड्यात मला अभ्यासातून काढून इन्शुरन्सच्या टेबलावर बसवलं. तिथून मी नोकरीच सोडली.

सोडल्यावर निपाणीची बस धरली. का गेले माहीत नाही... कुणाला तरी सांगायचं होतं, आणि ज्यांचा हक्क होता त्या आक्काताईच होत्या. घर तंबाखूच्या वासानं भरलेलं. मुलगा वखारीला गेलेला. आक्काताईंनी पाणी दिलं, समोर बसल्या. मी सगळं सांगितलं, कॅमेऱ्यासकट. वाटलं होतं, रडतील. किंवा हात जोडतील, म्हणतील, मेल्यावरसुद्धा माणसानं पुण्याचं काम केलं.

आक्काताईंचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"त्येंचाच आवाज हुता?"

"मी ऐकला नाही, आक्का. पण शब्द त्यांचेच होते."

"खेकसले म्हणतासा?"

"हो."

"मग तेच." त्या बाहेर अंगणाकडे वळल्या. मग म्हणाल्या, "त्या दिशी मी आत हुते. चहात साखर कमी पडली म्हणून वरडले, मी साखर आणाय गेले, तवर संपलं. माझ्याशी शेवटचं बोलले ते साखरंचं. तवापास्नं मी हितं रोज बसते. सपनात बी न्हाई आले. एक शबुद न्हाई." त्यांचा आवाज फाटला. "आन् त्या डॉक्टरसंगं भांडायला परत गेले व्हय?"



कॅमेऱ्यातल्या त्या खुर्चीचं माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. काकूंच्या तोंडी ती कानडी कुठून आली, याचंही नाही. तुम्हाला सुचलं तर लिहा, मी वाचेन. पण आक्काताईंनी विचारलं त्याचं उत्तर कुणाकडे असेल, तर आधी ते द्या.