एंगेज लागलेला फोन

मुलगा अमेरिकेतल्या कॉलेजात ते हेल्मेटवालं फुटबॉल खेळायचा. सीझनभर, शनिवारी तिकडे मॅच झाली की रविवारी सकाळी सहाला इकडे आखातात, आमच्या करामा वस्तीतल्या घरी त्याचा फोन यायचाच. त्या रविवारी सव्वासहा झाले तरी फोन नाही. मला कुठला धीर! मी कॉम्प्युटर लावला आणि फोनच्याच वायरीवरून इंटरनेट जोडलं.

"अहो, लाइन मोकळी ठेवा ना," बायको म्हणाली.

"गप बस जरा!" मी खेकसलो.

पान इंच-इंच उघडत होतं. टीम जिंकली होती! पण मॅचच्या बातमीत त्याचं नाव कुठे सापडेना. ते शोधण्यात पाऊण तास गेला. तेवढ्यात शेजारच्या मल्याळी बाईंनी दार ठोठावलं. "भाईसाब, आपका फोन कब से एंगेज है! बेटा हमारे फोन पे है, हॉस्पिटल से."

मी अनवाणीच धावलो.

"बाबा, गुडघा गेला. पहिल्याच क्वार्टरला बाहेर काढलं मला," तो म्हणाला. मग विचारलं, "तुम्ही नेटवर बघितलंच असेल. जिंकलो का आम्ही?"

पाऊण तासात मला तेवढंच कळलं होतं.