फळी वाजवून पाहिली

माझं जे काही बरं झालं, ते शाळेत सुतारकाम शिकवणाऱ्या सरांमुळे. बारावी झालेला मी घरातला पहिलाच. कॉलेजचा अर्ज भरायला तेच माझ्याबरोबर तालुक्याला आले होते.

आमच्याकडे लिहिलेल्या कागदाला पाय लागला तरी नमस्कार करतात. त्यामुळे दिल्लीत स्पर्धा परीक्षेसाठी काढलेल्या नोट्सच्या वह्या मला नोकरी लागल्यावरही रद्दीत देववल्या नाहीत. गाझियाबादला तळमजल्यावर आम्ही घर घेतलं, तेव्हा खिडकीखालच्या लाकडी फळीवर, भिंतीला टेकवून मी त्यांची चळत लावली. शेजारी तुळशीची कुंडी. रोज पाणी घालताना थोडं फळीवरही सांडायचं.

यंदा पावसाळा संपल्यावर तळातली वही उचलली, तर हातात नुसता पुठ्ठा आला. आत माती होती. फळीवर बोट दाबलं, ते आत गेलं. वाळवी.

औषध मारणारा माणूस बघून म्हणाला, "साहब, चारों खिड़कियाँ निकालनी पड़ेंगी."

घर घेऊन दोनच वर्षं झाली होती, थंडी तोंडावर होती. मी सरांना फोन लावला.

"स्क्रू ड्रायव्हर आहे ना? मुठीकडून वाजवत जा. फोन फळीजवळ धर."

मी वाजवत सरकलो.

"इथं बद्द येतंय. पुढं चल. हां, हे खणखणीत. आता चौकट."

चारही खिडक्या त्यांना ऐकवल्या. बायको मागून म्हणाली, "सर, यांनाही जरा वाजवून बघा. दोन वर्षं सांगतेय, त्या वह्या हलवा."

"त्याचा आवाज मला शाळेपासून माहीत आहे, सूनबाई."

पोकळ होती ती एकाच खिडकीची हातभर फळी. तेवढी कापून नवा तुकडा बसवला, बाकी लाकडात बारीक भोकं पाडून औषध भरलं. महिन्याभरानं मी सरांना पत्र लिहिलं:

आदरणीय सर,
साष्टांग नमस्कार.
काल सगळ्या फळ्या पुन्हा वाजवल्या. सगळीकडे खणखणीत. नवी माती कुठंच नाही. त्या रात्री फोन ठेवल्यावर आम्ही दोघं कितीतरी दिवसांनी शांत झोपलो. तुळस आता गॅलरीत आहे. वाचलेल्या वह्या परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीला दिल्या. दिल्लीला निघताना तुम्ही दिलेली तेवढी एकच ठेवली, लोखंडी कपाटात. त्या वहीच्या पहिल्या पानावर तुमचं अक्षर आहे.
हिवाळ्यात या. फळी मोकळी आहे, आणि सकाळचं ऊन तिथंच येतं.
तुमचा विद्यार्थी