कल्हई उतरवलेली पळी

जळगावात मेहरूणच्या तलावावर हल्ली संध्याकाळी रॉडवाले उभे असतात. रॉड महागाचा, रीळ चकाकणारं, गळाला रबराचा मासा. फेकला की लगेच गरागरा ओढून घेतात, पुन्हा फेकतात, पुन्हा ओढतात. मी बाकावर बसून बघतो. त्यांना वाटतं, म्हातारा हवा खायला आला. विचारलं तर सांगीन, न विचारता सांगायची मला सवय नाही. इथं मात्र लिहून टाकतो. खोटा मासा पळताना जितका खरा वाटतो, त्याहून जास्त तो पडताना खरा वाटतो. फेकायचा, बुडू द्यायचा, काठीचं टोक उचलायचं आणि परत पडू द्यायचा. मोठा मासा त्या पडण्यावर झडप घालतो. जखमी जीव असाच पडतो, हे त्याला ठाऊक असतं.

हे मला तापीनं शिकवलं, आणि एका कल्हईवाल्यानं.

आमचं गाव तापीच्या काठी. घरी केळीचा मळा. शाळा चौथीपर्यंत, तीही नदीला पाणी कमी असेल तेव्हा. कल्हईवाला जळगावहून सायकलीवर यायचा. मागं भाता बांधलेला, पिशवीत कथील आणि नवसागर. नदीच्या वाटेवर निंबाखाली खड्डा करून भट्टी लावायचा आणि गावातल्या बाया पितळी भांड्यांचा ढीग त्याच्यापुढं आणून ओतायच्या. मी त्याला मिस्तरी म्हणायचो, तो मला भाऊ. वयानं आम्ही सारखेच. तो बोलायचा निम्मं हिंदी, निम्मं आमचं.

आम्ही तेव्हा मरळ धरायचो जिवंत बेडकावर. निम्मा दिवस बेडूक शोधण्यात जायचा. मिस्तरी कल्हई केलेली भांडी नदीत विसळायचा. एकदा त्यानं मला हात करून बोलावलं.

"भाऊ, देखो. मी वाटी हलवली की ती येते."

लव्हाळ्यातून मरळ बाहेर आली होती, हातभर लांब. वाटी चमकली की पुढं सरकायची, चमक थांबली की तीही थांबायची.

त्यानं एक मोडकी पितळी पळी घेतली, दांडा कापला, राहिलेली वाटी ठोकून लांबट केली, दोन्ही टोकांना भोक पाडलं आणि वर पांढरीशुभ्र कल्हई चढवली. एका भोकात तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर, दुसऱ्यात गळ. पहिल्याच दिवशी मरळ लागली. मिस्तरी म्हणाला, "अब मेंढकों की छुट्टी."

त्यानंतर तो गावात आला की भट्टी विझल्यावर आम्ही दोघं नदीवर. पळीचं पोट खोल ठेवलं तर ती डोलत डोलत उतरते, पोट उथळ ठेवलं तर सुरीसारखी सरकते. वाहत्या पाण्याला उथळ, डोहाला खोल. हे आम्ही भांडून भांडून शोधून काढलं. तो ठोकून आणायचा, मी फेकून बघायचो आणि नावं ठेवायचो.

"ही तर तुझ्या सायकलीसारखी चालते. एका बाजूला."

"भाऊ, फेकणाऱ्याचा हात वाकडा, पळीला काय बोलतो?"

एका गोष्टीवर मात्र आमचं कधी भांडण झालं नाही. पळी कल्हईचीच हवी. पितळ उघडं पडलं की त्यात ताक कळकतं, वरण कळकतं, घरातली बाई ते भांडं चुलीपासून दूर ठेवते. बिनकल्हईची वस्तू मिस्तरीच्या हातून बाहेर पडली नसती आणि मीही हातात घेतली नसती. पावसाळ्यात तापी गढूळ झाली की मासे पळीकडं बघायचे नाहीत. आम्ही गळ खुंटीला टांगायचो आणि पाणी निवळायची वाट बघायचो. पळीत काही वेगळं करता येईल, हे दोघांच्याही डोक्यात कधी आलं नाही.

पुढं घरोघर स्टील आलं. मिस्तरीची सायकल गावात यायची थांबली. तो मेहरूणकडं राहायचा. मी मुलाकडं इथं राहायला आलो तेव्हा रोज संध्याकाळी त्याच्याकडं बसायला जायचो. हात कापायला लागले होते, तरी त्यानं मला शेवटच्या दोन पळ्या करून दिल्या. दोन वर्षांपूर्वी तो गेला. त्या पळ्या मी चुन्याच्या डबीत ठेवल्या होत्या. वापरल्या नव्हत्या.

आता लेकीचं सांगतो.

लेक सुरतेला दिली. जावई कापडाच्या लूमवर मास्तर. आमच्याकडं जुनी रीत आहे, बाप लेकीच्या घरचं खात नाही. दिलेल्या घरचं परत घ्यायचं नाही. माझा बाप तर माझ्या बहिणीच्या गावचं पाणीही पीत नसे, वेशीबाहेरच्या विहिरीवर पिऊन यायचा. लोक आता हसतात. मी हसण्यानं बदलणारा माणूस नाही. सुरतेला गेलो की भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लोणचं असा डबा सोबत. पाणी प्यायचो, चहाला नाही म्हणायचो. लेक पहिल्या वर्षी रडली, मग भांडली, मग गप्प झाली. तिचं ते गप्प होणं मला सलायचं, पण रीत ती रीत.

गेल्या हिवाळ्यात तिनं स्वतःचं घर घेतलं. वास्तुशांतीला गेलो. पंगत बसली आणि मी गॅलरीत जाऊन डबा उघडला. लेक मागं येऊन उभी राहिली.

"आबा, आज तरी?"

मी मान हलवली.

ती खाली बसली. आवाज न चढवता आमच्या अहिराणीत म्हणाली, "आपली तापी आठेच समुद्रले मिळस. तू मासा धरी आन. मासा तुना, मी फक्त रांधसू. मंग तरी खाशी ना?"

माझा मासा म्हणजे माझंच अन्न, त्यात रीत मोडत नव्हती. "खासू," मी म्हणालो. ती उठून आत गेली. मी कबूल झालो म्हणून हसली नाही की काही नाही. मासा आणीपर्यंत तिचा विश्वास नव्हता.

डबा चार दिवसांचा आणलेला. तेवढ्यात मासा हवा होता. चुन्याची डबी पिशवीत होतीच. का घेतली होती, मलाही ठाऊक नाही.

जावयानं मला दुकानात नेलं. त्यालाही मासेमारीचा नाद. तिथं रॉड, रिळं, विणलेले दोरे, प्लास्टिकचे मासे, सगळं हारीनं लावलेलं. मी एक रॉड निवडला, ना फार ताठ ना फार लवचिक. ताठ रॉडनं गळ माशाच्या तोंडातून उपटून येतो आणि लवचिक रॉडनं तो रुतत नाही. जावई बघत राहिला. मग म्हणाला, "आबा, खाऱ्या पाण्यात तुमचा हा बारीक तंगूस टिकायचा नाही. पुढं हातभर जाड लावा."

"जावईबापू, तापी तीच आहे. आमच्या गावावरूनच आली खाली."

"आली, पण इथं मीठ खाऊन बसलीये," तो म्हणाला.

मी हसलो, पण ऐकलं नाही. बारीक तंगूसच बांधला.

तापीचं मुख म्हणजे माझ्या ओळखीची नदी नव्हतीच. एवढी रुंद की पलीकडचा काठ धुरात, आणि ओहोटीला पाणी असं मागं ओढायचं जसं कोणी चादर ओढतंय. दगडांच्या बांधावर गळवाले बसलेले, जिवंत कोळंबी लावून. माझी पळी बघून एक गुजराती म्हातारा म्हणाला, "काका, चमचीथी माछली?" आणि सगळे हसले. त्यातला एक आपल्याकडचाच निघाला. "आबा, चहामा साखर हलावाले लई उनात का?"

मी पळी फेकली. ओहोटीच्या वेळी छोटी खाडी जिथं मोठ्या पाण्यात पडते, तिथं मोठा मासा तोंड करून उभा राहतो, येईल ते खायला. हे कोणी सांगायला लागत नाही, नाल्याच्या तोंडाशी मरळही तशीच उभी राहते. पळी बुडाली, उचलली, पडली, आणि असा झटका बसला की काठी हातातून गेली असती. पाण्यावर एक रुंद रुपेरी अंग उलटलं. मग दोर हलका झाला.

तंगूस चाकूनं कापावा तसा कापला गेला होता. आपल्याकडचा तो माणूस आता हसत नव्हता. "जिताडा व्हता, आबा. त्याना गालफडले धार ऱ्हास." मुंबई-कोकणात त्याला जिताडा म्हणतात, खाडीतला मोठा मानाचा मासा. मिस्तरीच्या दोन पळ्यांतली एक तो घेऊन गेला. मी घरी आलो, भाकरी-चटणी खाल्ली आणि रॉड तसाच कोपऱ्यात टेकवून झोपलो.

सकाळी रीळ फिरेना. आत मिठाची खर बसली होती. नदीवरून आल्यावर रीळ कधी कोणी धुतलंय? मी ते बादलीत गोड्या पाण्यात बुडवलं, पुसलं, तेल दिलं. जावई दाढी करत बघत होता. मग त्यानं कपाटातून जाड तंगूस आणि न गंजणारा गळ काढून गुपचूप माझ्या पिशवीशेजारी ठेवला. ते दोन्ही मी वापरले. रिळाचा ब्रेकही त्यानं सांगितला तसा सैल ठेवला, म्हणजे मासा ओढेल तेव्हा दोर द्यायचा, तुटू द्यायचा नाही.

त्या दिवशी मात्र मासा शिवलाही नाही. रात्रीतून वर धरणाचं पाणी सोडलं होतं, त्याबरोबर गाळ आला होता आणि पाणी दूध जास्त झालेल्या चहासारखं. पळी बोटभर खोल गेली की मलाच दिसेना. तिसऱ्या दिवशीही तेच. घरी आलो तेव्हा दिवेलागण होत होती. डब्यात एक कडक भाकर राहिली होती. लेकीनं डबा उचलून वजन बघितलं.

"आबा, डबा सरत उना," ती म्हणाली, आणि परत जागेवर ठेवला. टोमणा नव्हता. पुढं काय, हे विचारायची तिला भीती वाटत होती. मी उद्या सकाळच्या गाडीनं उपाशी निघून जाईन, हे ती ओळखून होती. आणि मी तेच ठरवत होतो.

वीज गेली होती. स्वयंपाकघरात अंधारल्यासारखं. फळीवर तिच्या लग्नात दिलेलं पितळी पातेलं होतं, मिस्तरीनंच कल्हई केलेलं. आता सुरतेत कल्हईवाला कुठला? आतली कल्हई झिजून तळाशी पितळ उघडं पडलं होतं, म्हणून ती ते वापरत नव्हती, नुसतं ठेवलं होतं, माझ्याकडं तोंड करून आडवं. मी बसल्या जागेवरून बघत होतो. कडेची पांढरी कल्हई त्या अंधारात विरून गेली होती, दिसतच नव्हती. तळाचं पिवळं पितळ मात्र विस्तवासारखं दिसत होतं.

मी उठलो. "वाळू शे का घरमा?"

"कुंडीमा शे. का?"

कुंडीतली वाळू घेतली, चिंधी घेतली आणि गॅलरीत बसून राहिलेली पळी घासायला लागलो. मिस्तरीच्या हातची ती शेवटची कल्हई होती. कापऱ्या हातांनी केलेली, तरी कुठं डाग नाही की ओघळ नाही. दोनदा मी थांबलो. मनात म्हटलं, मिस्तरी, तू असतास तर मला घरातून हाकललं असतंस. मग परत घासलं. कल्हई निघाली तशी खालून त्याच्या हातोडीच्या खुणा दिसायला लागल्या, एकीशेजारी एक, सुपारीच्या कापासारख्या. त्या मी आजवर पाहिल्याच नव्हत्या. कल्हईखाली झाकलेल्या असायच्या. लेक दारात उभी राहून बघत होती.

चौथ्या दिवशी ओहोटी सकाळी होती. जावई सोबत आला. पाणी तसंच गढूळ. बिनकल्हईची पळी पहिल्यांदा फेकताना मला लाज वाटली, सांगतो. उघड्या डोक्यानं लग्नात गेल्यासारखं. खाडीच्या तोंडाशी टाकली, बुडू दिली. नेहमीपेक्षा जास्त वेळ दिला, कारण गढूळ पाण्यात माशाला शोधायला वेळ लागतो. उचलली. पडू दिली. परत उचलली.

या वेळी झटका बसला तेव्हा मी ओढलं नाही. काठी उंच धरली आणि रीळ ओरडू दिलं. मासा खाली समुद्राकडं गेला, मग वळला, मग पाण्याबाहेर आला आणि डोकं झटकलं. जावई ओरडत होता, "आबा, दोर द्या, दोर द्या!" मी म्हटलं, "देतोय. तुमच्याच पाण्यातला आहे, तुमचं ऐकतोय." जाड तंगूस टिकला. हातात आला तो जिताडाच. तो गुजराती म्हातारा उठून आला, पळी बोटांनी उचलून बघितली आणि परत ठेवली. हसला नाही.

लेकीनं मासा बघितला आणि पदर खोचला. काळा मसाला जळगावहून मीच नेऊन देतो दर वर्षी, तोच घातला. पाट मांडला. जावयाला आधी न वाढता मला वाढलं. ताटात रश्शाची वाटी, माशाचा मधला तुकडा आणि शेजारी गरम कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकर.

मी भाकरीकडं बघितलं. माझ्या डब्यातली नव्हती.

"मासा तुना," लेक म्हणाली. "भाकर मनी शे. मीठ मनं शे. तेल मनं शे." तिचे हात मांडीवर होते. कराराप्रमाणे मी नुसता मासा खाऊ शकत होतो. तिनं तेवढी जागा मला ठेवली होती.

रश्शाचा वास येत होता. मी भाकर मोडली, रश्शात बुडवली आणि खाल्ली. रस्सा तिखट झाला होता, तिच्या आईच्या हातचा असायचा तसाच. जावई खिडकीबाहेर बघायला लागला.

ताटातली भाकर संपली तेव्हा लेक तशीच बसून होती. मी ताट पुढं सरकवलं.

"टाक अजून एक," मी म्हणालो. "आणि जरा पातळ थाप."